जबड्याखाली राहिलेले केस

जुन्या वस्तऱ्यांविषयी मी कुणालाही, कितीही वेळ सांगू शकतो. पात्याच्या दोन्ही बाजू कशा पोकळ घासलेल्या असतात, शिंगाची मूठ उन्हात राहिली की कशी वाकते, धारेच्या निसण्यावर पाणी घालायचं की तेल — आमच्या पार्से गावाला या विषयाचा मी चांगलाच कंटाळा आणलेला आहे. लोक ऐकून घेतात. निवृत्त मास्तरांचं ऐकून घ्यायचं, ही आपल्याकडची एक मूक समाजसेवा आहे. पण मी जो पहिला वस्तरा दुरुस्त केला, त्याच्याबद्दल आजवर माझ्या तोंडून चकार शब्द निघालेला नाही. वहिनीकडे नाही. डॉक्टरांकडे नाही. ज्याला सांगायलाच हवं होतं, त्याच्याकडे तर नाहीच. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही जवळचे वाटता म्हणून — की तुम्ही उद्या आमच्या वसरीवर, म्हणजे ओसरीवर, येऊन माझ्यासमोर बसणार नाही म्हणून? दुसरं कारण खरं असावं.

थोडं मागून सुरू करतो. सरळ त्या जागेवर जाणं मला जमत नाही.

मी डिचोलीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर पार्शाला घरी परतलो. घरात माझा थोरला भाऊ आणि वहिनी. त्यांना मूलबाळ नाही. भावाला आम्ही दादा म्हणायचो, आणि हळूहळू सगळा गावच म्हणू लागला. दादा उत्सव समितीचा अध्यक्ष. माईक हातात आला की त्याला तो खाली ठेवता येत नसे. सत्काराच्या शालींनी एक आख्खं कपाट भरलेलं होतं. वहिनी त्यातल्या जुन्या काढून त्यात फणस पिकत घालायची. मला व्यासपीठावर बोलावून तो ओळख करून द्यायचा — "हो आमचो धाकटो. डिचोलेंत पोरांक बेबे कापूंक शिकयता." बेबे म्हणजे बेडूक. सगळे हसायचे. मीही हसायचो. आयुष्यभर हसलो म्हणा ना.

मग त्याला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डावा हात चालत होता, डोळे चालत होते, आणि समज — ती शाबूत होती. वसरीला लागून असलेल्या खोलीत त्याची खाट टाकली. सुरुवातीला समितीची मंडळी फळं घेऊन येत. मग फळं येईनाशी झाली, मग मंडळीही. वहिनी दारावर येणाऱ्या पोदेराचा पाव चहात बुडवून त्याला भरवायची आणि मी शेजारी बसून पेपर वाचायचो. घर शांत झालं होतं. ती शांतता मला आवडत होती. हे मी आत्ता पहिल्यांदाच लिहितोय, आणि लिहून झाल्यावर कळतंय की खरी सुरुवात इथं आहे, वस्तऱ्यापाशी नव्हे.

दादाची दाढी करायला रघू यायचा. रघूचं पेडण्याच्या रस्त्यावर छोटं दुकान होतं. त्याच्या बापाने आमच्या आजोबांची दाढी केलेली. दुकानात तोही सगळ्यांसारखी नवी ब्लेड बसवायची पट्टी वापरी, पण दादाला ती चालत नसे. "तें पेन्सिल तासपाचें यंत्र माझ्या गळ्याक लावूं नाका," असं दादा म्हणायचा — बोलता येत होतं तेव्हा. म्हणून दादासाठी रघू आपल्या बापाचा जुना वस्तरा काढायचा. चामड्याच्या पट्ट्यावर तो चार-दोनदा पालथा-उताणा ओढायचा, आणि त्याचा तो आवाज — मऊ, ओला, कुणी कानात कुजबुजावं तसा — ऐकताना माझ्या मनात आलं, हे आपल्यालाही यायला हवं. निवृत्त माणसाच्या मनात काय वाटेल ते येतं. कुणी बागेच्या मागे लागतो, कुणी ज्योतिषाच्या.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, सुक्या मिरच्यांच्या पलीकडे, जुनं लोखंड विकणारा एक माणूस बसतो. कड्या, कुलपं, मोडके दिवे. त्या ढिगात मला एक वस्तरा दिसला. पातं तांबूस गंजलेलं, मूठ काळ्या शिंगाची, पितळेच्या बारीक खिळ्यांनी जोडलेली. मी थट्टेत विचारलं, "मेल्ल्या मनशाचो आसा काय रे?" तो हसलादेखील नाही. म्हणाला, "सायबा, जितो मनीस आपलो वस्तरो विकता काय कधीं?"

मी तो कागदात गुंडाळून घेतला आणि पेडण्याच्या बसमध्ये मांडीवर ठेवून घरी आणला.

पुढचे कित्येक दिवस मी वसरीवर बसून तो घासत होतो. फोनवर व्हिडिओ बघायचे आणि तसं करायचं. आधी जाडा कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. गंज निघाला की खाली काळे खड्डे दिसायचे, ते जाईपर्यंत पुन्हा घासायचं. नवशिका माणूस चकाकीच्या मागे लागतो — मी लागलो. पात्यावर कुणा कारागिराचं नाव कोरलेलं होतं, तेही मी पॉलिश करता करता पुसून टाकलं. ते पुसलं गेल्याचं लक्षात आलं तेव्हा वाईट वाटलं, पण पात्यात माझा चेहरा दिसायला लागला होता. माणसाला स्वतःचा चेहरा दिसला की बाकीच्या गोष्टींचं वाईट फार वेळ वाटत नाही.

"भावजी," वहिनी म्हणाली, "आतां बस स्टँडार दुकान घालतलात काय?"

त्या सगळ्या व्हिडिओंत एक गोष्ट बजावून सांगितलेली होती. खिळा काढून पातं मुठीपासून वेगळं करा. जिथं पातं मुठीत शिरतं, तिथं वर्षानुवर्षांचा साबण, केस, गंज, मळ दडून राहतो. वरून दिसत नाही. मी हातोडी घेऊन बसलो, खिळ्यावर टोच्याचं टोक टेकवलं, आणि घाबरलो. शिंग जुनं होतं, फुटलं असतं तर? एवढी मेहनत वाया. मी हातोडी ठेवून दिली. बाहेरून सगळं चकचकीत झालं होतं. नववीच्या वर्गाला मी दरवर्षी फळ्यावर एक वाक्य लिहून देत असे — चकाकणारी प्रत्येक गोष्ट निर्जंतुक नसते. त्याखाली दोन रेघा ओढत असे.

मग धार. निसण्यावर मी ती कितीतरी दिवस काढत राहिलो. धार बसली का ते हातावरच्या केसांवर बघतात. माझा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत झाला. वहिनीला वाटलं खरूज झाली. मी उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे शर्ट घालू लागलो. शेवटी एक दिवस बोटांत धरलेला लोंबता केस पात्याला नुसता टेकला आणि तुटून पडला. त्या क्षणाचा आनंद — खरं सांगतो, मला एखादा विद्यार्थी पहिला आला तेव्हाही एवढा झाला नव्हता.

आता राहिली होती एकच गोष्ट. दाढी.

रोज सकाळी मी वसरीवरच्या आरशासमोर उभा राहायचो. साबणाचा फेस करायचो. वस्तरा उघडायचो. गालाजवळ न्यायचो — आणि बंद करायचो. हात थरथरायचा. गळ्याची ती शीर थडथड उडताना आरशात दिसायची. मग मी बाजूला ठेवलेल्या साध्या सेफ्टी रेझरने दाढी उरकायचो आणि स्वतःला सांगायचो, उद्या. असे किती उद्या गेले ते मोजले नाहीत. हत्यार तयार होतं. फक्त ते चालवून बघायला मला कुणीतरी हवं होतं. हे वाक्य मी तेव्हा मनातल्या मनातही असं उच्चारलं नव्हतं. पण ते तिथं होतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवसाची गोष्ट.

घरात गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटोळी बांधून झाली होती. हिरव्या सुपाऱ्या, कवंडळं, रानातली फळं — सगळ्या घराला ओल्या सालींचा वास भरून राहिला होता. रघू सकाळी येऊन दादाची दाढी करून गेला. तो दिवस न्हाव्यांच्या धावपळीचा. दुकानात माणसं ताटकळत होती. चहासुद्धा घेतला नाही. "मास्तर, आज सगळ्यांकच चंद्राशें तोंड जाय," असं काहीतरी म्हणून हसत सायकलवर बसला. सकाळच्या गडबडीत वहिनीला दादाकडे नीट बघायलाही सवड झाली नव्हती. दुपारी ती शेजारी नेवऱ्या — आमच्या करंज्या — करायला गेली. घरात मी आणि दादा.

दादा जागा होता. मी त्याच्या उशाशी बसलो आणि सहज बघितलं तर जबड्याखाली, जिथं म्हाताऱ्या कातडीची घडी पडते, तिथं थोडे पांढरे केस राहून गेले होते. रघूचे डोळे अधू झालेले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

एवढेसे केस. चवथीला पाहुणे येणार, माजी अध्यक्षांना बघणार. नीटनेटकं दिसायला नको? — असा विचार मी केला. बघा, किती चांगला विचार होता.

मी फेस केला. वस्तरा आणला. त्याची हनुवटी डाव्या हाताने वर धरली. पहिला हात सुरेख गेला. केस असे निघाले की जणू नव्हतेच. दुसऱ्या हाताला त्याने मान हलवली, आणि लागलं.

लांब नव्हतं. नखाएवढं. पण खोल होतं, आणि रक्त फेसात उतरून गुलाबी झालं. मी तुरटी दाबून धरली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते मी पुसलं, फेस पुसला, वस्तरा धुऊन माझ्या कपाटात ठेवला, आणि वहिनी परत येईपर्यंत पेपर वाचत बसलो. त्या पेपरात काय होतं ते मला आजही आठवत नाही.

वहिनीने आल्या आल्या बघितलं. "हें कितें लागलां हांगा?"

मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, "रघू सकाळीं घाईंत आसलो."

एवढंच. हे वाक्य तपासून बघा — खोटं नाही. रघू सकाळी घाईतच होता. मी आयुष्यभर मुलांना अचूक लिहायला शिकवलं. खोटंही मी अचूक बोललो. बाकीचं वहिनीने स्वतःच पुरं केलं. "त्याचे दोळे गेले. कितींदां सांगलां, तो जुनो गंजको वस्तरो उडय म्हणान." गंजका! रघूच्या वस्तऱ्यावर मी कधी गंजाचा ठिपका बघितला नव्हता. गंज माझ्या कपाटात होता, मुठीच्या आत, जिथं मी हातोडी मारायला घाबरलो होतो. मी पेपराचं पान उलटलं.

दादाला साखर होती. मधुमेही माणसाची जखम म्हणजे काय, ते सांगायला मला पुस्तक उघडायची गरज नव्हती. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी जबड्याखाली लाल गाठ आली. वहिनीने हळद लावली. मग गाल तापला, मग मान. घरात पाहुण्यांची ये-जा, आरत्या, झांजा, पातोळ्यांचा वास. येणारा प्रत्येक जण खोलीत डोकावून "सुजलां मरे" म्हणायचा आणि प्रसाद घ्यायला वळायचा. वहिनी मला दोनदा म्हणाली, "भावजी, दाक्तराक दाखोवया?"

मी म्हणालो, "विसर्जन जांव दी. मागीर व्हरूं."

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. घरात देव बसलेला असताना आजाऱ्याला गाडीत घालून न्यायचं, सणात रडारड करायची — कुणालाच बरं वाटत नाही. त्यामुळे माझं म्हणणं सगळ्यांना पटलं. या गावात दुसऱ्या कुठल्याही कारणापेक्षा हे कारण चालतं. मी ते वापरलं. मी कसली देवधर्माची पर्वा करणार? मी आयुष्यभर आरतीच्या वेळी दारात उभा राहून चपला मोजणारा माणूस. मला भीती एकच होती — डॉक्टर विचारेल, कशाने लागलं?

आता ते सांगायला हवं, जे मघाशी वगळलं. मी म्हणालो, त्याने मान हलवली. का हलवली, ते सांगितलं नाही.

मी वस्तरा उघडला तेव्हा दादाने तो बघितला. आजवर माझी वसरीवरची सगळी घासाघीस त्याने खाटेवरून बघितलीच होती. रोज सकाळी आरशासमोर मी तो वस्तरा उघडून बंद करतो, हेही त्याला तिथून दिसत असे. मी घाबरतो हे त्याला माहीत होतं. घरात फक्त त्यालाच माहीत होतं. त्याने डावा हात उचलला आणि माझं मनगट धरलं. जोर फार नव्हता. पण त्यात शंका घ्यायला जागा नव्हती — नको, असं तो सांगत होता. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांत होते.

मी त्याची बोटं एक एक करून सोडवली. हात चादरीखाली ठेवला. आणि चादरीची कड गादीखाली खोचली. घट्ट.

मग मी त्याची हनुवटी धरली. आयुष्यात पहिल्यांदाच ती माझ्या हातात होती. हा माणूस मला कधी अर्धं वाक्यसुद्धा पुरं बोलू द्यायचा नाही, आणि आता — मला बरं वाटत होतं का? तुम्ही विचारणार म्हणून मीच विचारतो. हो. बरं वाटत होतं. त्याने मान हलवली कारण हलवायला तेवढंच उरलं होतं.

विसर्जन झालं. त्या रात्री त्याला ताप चढला आणि सकाळी आम्ही त्याला म्हापशाला इस्पितळात नेलं. डॉक्टर तरुण होते. जखम बघून म्हणाले, "हे कशाने?" वहिनीने सांगितलं, न्हाव्याच्या हातून, जुन्या वस्तऱ्याने. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. "अजून वापरतात लोक असले वस्तरे!" ते म्हणाले, आणि लिहू लागले.

त्या दिवसांत दादा एक गोष्ट सारखी करायचा. वहिनी जवळ आली की डावा हात उचलायचा आणि माझ्याकडे बोट करायचा. घशातून आवाज काढायचा. बोट माझ्याकडे, डोळे तिच्याकडे. मी खाटेच्या पायथ्याशी उभा असायचो. वहिनी डोळे पुसून मला म्हणायची, "पळयात भावजी, भावच लागता त्यांकां. बसा तुम्ही लागीं." आणि मी त्याच्याजवळ जाऊन बसायचो. तो हात खाली टाकायचा. भिंतीकडे तोंड करायचा.

आठवडाभरात दादा गेला. शेवटपर्यंत भावाचीच आठवण काढत होता, हे वहिनी आजही आल्यागेल्याला सांगते. मी चहा आणायला आत जातो.

डॉक्टर म्हणाले होते की या वयात, या प्रकृतीत कशानेही झालं असतं. त्या वाक्याला मी पुष्कळ वर्षं टेकून उभा होतो. इथं टेकणार नाही.

त्याला मुलगा नाही, म्हणून अग्नी मी दिला. दहाव्याला केस-मिशा काढायच्या. आमच्या घरी हे काम रघूच्या घराण्याकडे. वहिनी म्हणाली, "तो नाका." माझ्याशिवाय तिला अडवणारं कुणी नव्हतं, आणि मी अडवलं नाही. पेडण्याहून दुसऱ्याला बोलावलं. नदीकाठी मी मान खाली घालून बसलो, त्या माणसाने नवं ब्लेड कागदातून सोडवलं, आणि गावातली माणसं दूर उभी राहून बघत होती. दहाव्याला घरचा न्हावी बदलला, याहून मोठ्या आवाजात आमच्या गावात कुणाविषयी काही सांगता येत नाही. माईकची गरज लागत नाही. रघू रस्त्याच्या पलीकडे सायकल धरून उभा होता. बोलावतील म्हणून आला होता. मग गेला.

त्यानंतर एकेक घर कमी झालं. म्हाताऱ्यांच्या दाढीला त्याला कुणी बोलावेना. दुकानात पोरं थट्टेत म्हणत, "रघुकाका, जरा सांबाळून हां, माका अजून लग्न करपाचें आसा." तोही हसायचा म्हणे. पुढच्या पावसाळ्याआधी त्याने दुकान बंद केलं. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात.

दुकान बंद केल्यावर तो एक दिवस आमच्याकडे आला. वसरीवर मी दुसरा एक वस्तरा घासत बसलो होतो — हो, छंद मी सोडला नाही. सोडला असता तर कुणी कारण विचारलं असतं. तो पायरीवरच बसला. मग म्हणाला, "मास्तर, हालीं दोळ्यांनी बरें दिसना. त्या दिसा चवथीची घाई. माझ्या हातातसून लागला, आनि माका कळलांय ना. दादांक मी..." त्याने हात जोडले. "माका माफ करा," म्हणाला.

मला वाटलं होतं, त्याला तरी माहीत असेल. आपल्या हाताने काय झालं आणि काय नाही, हे माणसाला कळत नाही? आतून त्याला खात्री असेल, तो मनातल्या मनात आम्हाला शिव्या देत असेल, याचा मला एक प्रकारचा आधार होता. पण त्याने ते मान्य केलं होतं. सगळा गाव सांगतोय म्हणजे असेलच. रात्री झोप येत नाही, म्हणाला. हात बघत बसतो.

ही वेळ होती. वहिनी मागच्या दारी होती. वसरीवर आम्ही दोघंच. माझ्या हातात वस्तरा, समोर तो. एक वाक्य. अचूक बोलायची मला सवय होती.

मी वस्तरा मिटून बाजूला ठेवला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जांव दी रे रघू. मनशाच्या हातातसून जाता केन्ना तरी."

मी त्याला माफ केलं.

तो रडला. मग त्याने खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. बापाचा वस्तरा. "तुमका आवड आसा म्हणान हाडलो. माका आतां कित्याक?" मी नको म्हणायला हवं होतं. मी फडकं उघडलं. पात्यावर एक डाग नव्हता. सवयीने मी तो उजेडात धरून मुठीच्या फटीत बघितलं, जिथं मळ दडतो. तिथंही काही नव्हतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.

रघू अजून आहे. संध्याकाळी बस थांब्याच्या कट्ट्यावर बसलेला असतो. दाढी छातीपर्यंत आलीय, पांढरी. मी दिसलो की हात वर करतो. मीही करतो. म्हापशाच्या बाजारातला तो पहिला वस्तरा माझ्या कपाटात आहे. खिळा अजून काढलेला नाही.

आणि रोज सकाळी मी आरशासमोर उभा राहतो, फेस करतो, रघूने दिलेला वस्तरा उघडतो आणि त्याने दाढी करतो. गळ्यावरूनसुद्धा. हात थरथरत नाही. याला प्रायश्चित्त वगैरे मोठी नावं देऊ नका. वस्तरा चांगला आहे, एवढंच. इतक्या वर्षांत त्याने मला एकदाही लागलेलं नाही.